आढ्याखालचा धूर

१

टोपडं पाण्यात बुडवलं आणि पाणी पिवळं झालं.

मी ते उचलून नाकाशी नेलं. बाळीचं मलमलीचं पांढरं टोपडं. आदल्याच दिवशी उकळून, साबणानं घासून मधल्या खोलीतल्या दोरीवर घातलं होतं. त्यावर ती दूध ओकली म्हणून नुसतं खळबळायला घेतलं. पण वास दुधाचा नव्हता, तंबाखूचा होता. तोही कोरड्या पानाचा गोडसर वास नव्हे. जळून विझलेल्या तंबाखूचा, शिळा, घशाला चिकटणारा.

आमच्या घरात तंबाखू ओढणारं कुणी नव्हतं.

ही एकोणीसशे छत्तीसच्या थंडीतली गोष्ट. बाळी तेव्हा रांगायलाही लागली नव्हती. तिच्या छातीत दिवाळीपासून घरघर बसली होती. कँपातल्या डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ही थंडी निभवायची असेल तर विडी-तंबाखूच्या धुरात हिला ठेवू नका. घर बदला." शहापुरात आमच्या खोलीखाली दिवसभर विड्या पेटायच्या. म्हणून तर आम्ही वडगावात विणकराचं घर बघितलं. माग असलेल्या घरात कुणी विडी पेटवत नाही. सूत वास धरतं, आणि एक ठिणगी उडाली तर विणलेलं सगळं जातं.

घर दाखवताना मालकीण अंबूबाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "आमच्यात पावना आला तर त्यो बी इडी बाहीर टाकून उंबरा वलांडतोय, मास्तरीणबाई. बिनघोर ऱ्हावा."

हे हायस्कुलातून आले तेव्हा मी टोपडं यांच्या नाकाला लावलं.

"वाऱ्यानं आलं असेल," हे म्हणाले. "आपल्या मुलखात तंबाखू कुठं नाही?"

"वारा काय बाळीचं टोपडं हुडकत येतो?"

"झालं! इंटर सायन्स जागं झालं." हे हसले. पण पाळण्यातून घरघर ऐकू आली आणि यांचं हसू तिथंच थांबलं.

२

यांच्या जुन्या धोतराच्या मी चिंध्या फाडल्या. प्रत्येक ओली करून पिळली आणि वेगवेगळ्या जागी टांगली: एक चुलीपाशी, एक कंदिलाजवळ, एक दाराबाहेरच्या ओट्यावर, एक परसात. आणि एक मधल्या भिंतीला लागून असलेल्या दोरीवर, जिथं टोपडं होतं तिथं. दुसऱ्या दिवशी त्या वेगवेगळ्या वाट्यांत पिळल्या.

चुलीजवळचीचं पाणी काळं आलं. कंदिलाजवळचीचंही काळं, वर तेलकट तवंग. ओट्यावरची मातकट, परसातली जवळजवळ स्वच्छ. भिंतीजवळचीचं मात्र पिवळं. त्यात बोट बुडवून मी जिभेच्या टोकाला लावलं. कडूजहर. टोक बधिर झाल्यासारखं वाटलं. मी लगेच चूळ भरली.

मग त्या भिंतीकडं नीट बघितलं. आमचं घर म्हणजे अंबूबाईंच्याच घराचा निम्मा भाग. मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती. वर हातभर मोकळी फट, तिच्यावर दोघांची एकच कौलं. आम्ही राहायला येण्याआधी अंबूबाईंनी नवा चुना मारून घेतला होता. पण भिंतीच्या वरच्या कडेला त्या चुन्यातून पिवळट ओघळ फुटून वर आले होते, जखमेवरच्या पट्टीतून पू यावा तसे.

म्हणजे धूर पलीकडून येत होता, आणि आमच्या येण्याआधीपासून येत होता.

पलीकडं अंबूबाईंची मागची खोली. तिला कायम कुलूप. "सुताची खोली हाय," असं त्यांनी पहिल्याच दिवशी, मी न विचारता सांगितलं होतं.

मी रोज नवी चिंधी टांगायला लागले. काही दिवशी ती पिवळी निघायची, काही दिवशी पांढरी. मला त्यात काही मेळ दिसेना. एका संध्याकाळी पाळण्याची दोरी ओढत असताना तो मेळ दिसला आणि दोरी हातातच राहिली.

ज्या दिवशी बाळी दिवेलागणीला शांत झोपलेली असे, त्या दिवशी चिंधी पिवळी. ज्या दिवशी ती खोकत असे, त्या दिवशी पांढरी. वास यायला सुरुवात व्हायची, बाळीला ढास लागायची, आणि वास थांबायचा.

पलीकडचा धूर माझ्या लेकीचं ऐकत होता.

३

विहिरीवर नागुबाई भेटली. ती समोरच्या घरातली. सगळी गल्ली तिला पाठ.

"त्या घरात जरा जपून," ती म्हणाली. "मालू कुठं हाय, इचारलंसा का कधी?"

"अंबूबाईंच्या गुंडूभाऊंची बायको? माहेरी गेलीय ना, कोगनोळीला."

नागुबाईनं घागर काठावर आदळली. "कोगनोळीला माझी भाची दिलीया. ती म्हंती, मालू गेल्या साली दिवाळीला न्हाय आली, औंदा बी न्हाय. मग गेली कुठं? जिमिनीनं गिळली?" आणि आवाज उतरवून, "अंबूबाईचा हात लई जड. म्या तर मनाशी धरलंय, पोर गेली. वास येतोय न्हवं तुमास्नी? मला बी येतोय कवाकवा. मेल्याली बाई घर सोडत न्हाय."

"मेलेली बाई तंबाखू ओढते होय, नागुबाई?"

"हसा, हसा! शिकल्याली मानसं पैलं हसत्यात, आनि मग गंडा बांधाय येत्यात."

मी हसत घरी आले आणि आल्याबरोबर दाराला कडी घातली.

पण कडी घालून बाळीचा श्वास मोकळा होणार नव्हता. मी एकेकाला विचारायचं ठरवलं. अंबूबाई ओट्यावर मिश्री लावत बसल्या होत्या.

"आक्का, तुमच्याकडं कोणी विडी ओढतं का हो?"

मिश्रीचं बोट दातावर थांबलं. "कुनी सांगितलं?"

"सांगितलं नाही कुणी. वास येतो."

"आमचा यल्लाप्पा येतोय न्हवं निपाणीस्नं! माझा दीर. तंबाखूच्या वखारीत कामाला हाय त्यो, अंगालाच वास त्येच्या." त्यांनी पचकन थुंकून विषय संपवला.

यल्लाप्पा बाजारादिवशी आले, खांद्यावर पोतं घेऊन. मी मुद्दाम काडीपेटी मागितली.

"माझ्याजवळ?" ते खाली बसून धाप टाकत हसले. "बाई, उभा जलम तंबाखूची धूळ खाल्ली, आता धूर बी खाऊ व्हय? येक झुरका मारला तर हितंच आडवा हुईन." छाती बाळीसारखीच वाजत होती. खोटं बोलण्याइतका दम त्या माणसात नव्हता. पोत्याच्या फाटक्या कोपऱ्यातून जमिनीवर काही सांडलं होतं. मी उचलून बघितलं. पान नव्हतं, तंबाखूची जाड, वाळकी देठं होती. ती कुणी ओढत नाही.

राहिला गुंडू. तो खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. बोटं खळीनं पांढरी, डाग नाही. तोंडाला पानसुद्धा नाही. मागावर हिरवं लुगडं चढलेलं, कुणाच्या तरी लग्नाचं.

"वैनी कधी येणार माहेराहून?" मी विचारलं.

धोटा त्याच्या हातातच राहिला.

"येईल की," तो म्हणाला. कोगनोळीचा रस्ता त्याच्या समोर, दाराबाहेर होता. त्यानं बघितलं ते पाठीमागच्या कुलपाकडं.

त्या संध्याकाळी मी चुलीपुढं बसून सगळं मनात फिरवलं. अंबूबाई मिश्रीवाल्या, यल्लाप्पांना दमा, गुंडू निर्व्यसनी. त्या घरात ओढणारं कुणीच नव्हतं. आणि धूर तर होता. तो केव्हा केव्हा येतो तेही आता ध्यानात आलं. ओट्यावर बाहेरचं माणूस येऊन बसलं की येतो. लुगडी न्यायला व्यापाऱ्याचा माणूस आला, किंवा गल्लीतल्या बायका टेकल्या, की भिंतीवरून हळूहळू खाली उतरतो.

माणसांना घाबरणारं भूत. आणि बाळाची दया येणारं.

४

पुढच्या बाजारादिवशी हे शाळेतच अडकले होते. दिवे लागले. ओट्यावर व्यापाऱ्याचा माणूस येऊन बसलेला. तो कुरकुरत होता, "आक्का, लुगड्यास्नी तंबाखूचा वास मारतोय बघा, नवरीकडची तक्रार करत्यात," आणि अंबूबाई त्याला हसून म्हणत होत्या, "आमच्या दिराला काय करू, सांगा!"

वास आलाच. पाळण्यात बाळी कुशीवर झाली आणि तिला ढास लागली. ओठ निळसर दिसायला लागले. मी तिला उचलून परसात पळायला हवं होतं. पळालेही. मोकळ्या हवेत तिला श्वास लागला, तेव्हा तिला परसदारीच सतरंजीवर निजवून मी परत आत आले. शिडी भिंतीला टेकवली. मी वर चढले.

फटीतून आधी नुसता अंधार. मग खाली एक लाल डाग दिसला, खापरातले निखारे. त्यावर देठं धुमसत होती. सुताची एक लडसुद्धा त्या खोलीत नव्हता. एक वाकळ, पाण्याचा तांब्या, आणि कोपऱ्यात काळोखाचा गोळा.

परसातून बाळी पुन्हा खोकली.

काळोखातून एक हात बाहेर आला. बारीक, मनगटात हिरव्या बांगड्या. त्यानं खापरातला जळता निखारा दोन बोटांत धरून उचलला, परडीतलं फूल उचलावं इतक्या सहज, आणि राखेत ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. हात दचकला नाही, मागं झाला नाही, त्याला घाई होती पण त्रास नव्हता. खोली काळी झाली.

कुणीतरी कुजबुजलं, "इझला गं बाळी. इझला बघ. घे आता दम."

आणि भाजलेल्या मांसाचा वास फटीतून माझ्या तोंडावर आला.

५

शिडीवरून कशी उतरले आठवत नाही. बाळीला छातीशी धरून मी परसातच बसून राहिले. हे आले तेव्हा मी यांना बघितलेलं सगळं सांगितलं. नागुबाई जवळ असती तर म्हणाली असती, भुताला विस्तव पोळत नाही, बघितलंस ना आता?

पण तो वास. भुताचं मांस करपत नाही. बांगड्या भरलेला हात होता तो, आणि करपत होता. फक्त त्या हाताला ते कळत नव्हतं.

मला डॉक्टरांच्या दवाखान्यात टांगलेली पाटी आठवली: चामडीचा एखादा भाग बधिर झाला, टोचलेलं-भाजलेलं कळेनासं झालं, तर लपवू नका. खाली रोगाचं नाव होतं. मी बाळीला आणखी घट्ट धरलं.

सकाळी आम्ही दोघं अंबूबाईंच्या दारात गेलो. गुंडू मागावर होता.

"आक्का," मी म्हणाले, "तुम्ही खरंच सांगितलंत. या घरात कुणी तंबाखू ओढत नाही. जाळतं. देठं जाळतं."

"कसर लागती सुताला. त्येच्यासाठनं जाळतोय."

"त्या खोलीत सूत नाही. मी बघितलंय." त्यांचा चेहरा उतरला. "आणि कसरीसाठी कुणी भर दुपारी दारं उघडी टाकून धुरी देईल. तुम्ही ओट्यावर माणूस टेकलं की देता. लग्नाच्या लुगड्यांना वास लागतो म्हणून व्यापारी बोलतो, ते हसून सोसता. विणकराच्या घरात तंबाखूचा वास कोण सोसेल, आक्का? ज्याला त्याहून वाईट वास झाकायचा असेल तो. चिघळलेल्या जखमेचा. मालुबाई कोगनोळीला गेल्या नाहीत, मेल्याही नाहीत. भिंतीपलीकडं आहेत. आणि त्यांच्या हाताला निखारा कळत नाही."

मागाचा आवाज बंद झाला होता.

अंबूबाई उंबऱ्यावर बसल्या. "भाकरी करत हुती," त्या म्हणाल्या. "हात तव्याला चिकटला. वास मला आला, बाई. तिला न्हाय. ती आपली हसून बोलत हुती माझ्यासंगं." मग एकदम वर बघून, "मारलं न्हाय म्या तिला! नागी काय काय बोलती मला ठावं हाय. दोनी वक्ताला ताट देती. कुलूप लावती, एवढंच."

"एवढंच?"

"काय करू? ह्यो रोग हाय म्हनल्यावर आमचं लुगडं कोन नवरी अंगाला लावंल? माग बंद पडला म्हंजे आमी तिगं बी मेलो. तंबाखूच्या वासाला ह्या मुलखात कोन इचारत न्हाय. सगळ्यांच्यात अस्तोय त्यो."

"मग आम्हाला का आणलंत इथं? तान्हं लेकरू दिसत नव्हतं तुम्हाला?" माझा आवाज चढला. हे माझ्या खांद्याला हात लावत होते, तो मी झटकला. "तुमचं माणूस झाकायला माझ्या लेकीचा श्वास घेतलात?"

"निम्मं घर रिकामं ठिवल्यालं बघून लोक इचाराय लागलं हुतं. मास्तराचं बिऱ्हाड म्हनल्यावर कुनी संशय घेत न्हाय." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "मालूच म्हनत हुती, आत्ती, बाळ खोकतंय, त्यास्नी जाऊ द्या. म्याच न्हाय ऐकलं."

"आत्ती," कुलपाच्या आतून आवाज आला. "बाईंस्नी बोलू द्या. त्येंचं खरं हाय. बाई, आजपास्नं मी देठं जाळणार न्हाय. वास आला तर येऊ दे."

६

"आजच सामान हलवू," हे मला हळूच म्हणाले. "शाळेत एक खोली मिळेल काही दिवस."

मलाही तेच हवं होतं. बाळी कडेवर होती, पाय दाराकडं वळले होते. धूर कुठून येतो ते कळलं होतं, थंडी निभणार होती, माझं काम झालं होतं. मी आणखी तिथं उभी राहायचं काही कारण नव्हतं. तरी माझ्या डोळ्यांपुढून तो हात जाईना. माझी लेक खोकली म्हणून तो निखाऱ्यात गेला होता, किती वेळा गेला असेल कोण जाणे.

"आक्का, कुलूप काढा," मी म्हणाले. "आज. शहराबाहेर या रोगाचा दवाखाना आहे. तेलाची सुई टोचतात. लवकर नेलं तर हात वाचतो, असं डॉक्टर म्हणतात. इथं ठेवलंत तर ती बोटं राहणार नाहीत."

"आनि गल्ली?"

"गल्लीत मी चकार शब्द काढणार नाही. पण कुलूप निघालं नाही, तर नागुबाई खून झाला म्हणते, तिला मी नाही असं म्हणणार नाही. पोलीस येऊन काढतील."

अंबूबाईंनी कमरेची किल्ली मुठीत धरली. "गुंडू, सांग रं ह्या बाईला. सांग, तुझ्या मावसबहिनीचं लगीन करायचं हाय. सांग की!"

गुंडू खड्ड्यातून वर आला. "आई, किल्ली."

"न्हाय."

त्यानं पुन्हा मागितली नाही. मागाचा एक दांडा उपसला, त्यावरचं हिरवं लुगडं सैल होऊन खड्ड्यात लोंबलं. दांडा कडीत घातला आणि सगळ्या अंगानं रेटला. लाकूड कडकडलं, कडी चौकटीसकट सुटली.

मालू लगेच बाहेर आली नाही. आतून म्हणाली, "बाईंस्नी बाळाला लांब न्याय सांगा आदी."

मी परसात गेले. जाताना मागं वळून बघितलं नाही.

दुपारी ज्योतिबाचा टांगा दारात लागला. अंबूबाईंनी गुंडूला दहादा पढवलं होतं: तोंड झाकून बसवायची, विचारलं तर म्हणायचं, माहेरास्नं आलती, माघारी निघाली. मालू पदर तोंडावर ओढून, हात लुगड्यात गुंडाळून आली. माझ्याएवढीच असेल. उन्हात पाय टाकताना ती अडखळली.

"आगं बया!" समोरून नागुबाई ओरडली. "जित्ती हाय की गं ही!"

दारंच्या दारं उघडली. पोरं धावली. बायका हात पुसत बाहेर आल्या. कुणी म्हणालं, किती वाळलीस गं, कुणी म्हणालं, न सांगता कुठं लपून बसलीस? नागुबाई तर तिला कवटाळायला पुढंच निघाली होती.

"कुठं घ्यायचं, गुंडू?" ज्योतिबानं लगाम उचलत विचारलं.

अंबूबाई ओट्यावर दोन्ही हात जोडून उभ्या होत्या. लेकाकडं बघत.

गुंडूनं नागुबाईच्या पुढं आलेल्या हातांकडं बघितलं. मालूकडं बघितलं. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "महारोग्यांच्या दवाखान्याला."

नागुबाईचे हात जागच्या जागी थांबले. गल्ली मागं सरली. बायकांनी पोरांना दंडाला धरून आत ओढलं. माझेही पाय माझ्या नकळत एक पाऊल मागं गेले आणि बाळी छातीशी दाबली गेली. अंबूबाई खांबाला धरून खाली बसल्या. कुठल्या तरी घरातला माग चालला होता, तोही थांबला.

ज्योतिबा लगाम धरून बराच वेळ घोड्याच्या कानांकडं बघत राहिला. "बसा," शेवटी म्हणाला.

मालू मागं चढली. पुढं ज्योतिबाशेजारी जागा होती. गुंडू मागं चढला, मालूच्या बाजूला बसला, आणि तिचा गुंडाळलेला हात आपल्या मांडीवर घेतला. टांगा हलला.

तेव्हा मालूनं तोंडावरचा पदर काढला. उन्हानं तिचे डोळे आपोआप मिटले. गल्लीतली बंद होत चाललेली दारं एकेक करून मागं जात होती, आणि ती मिटल्या डोळ्यांनी, तोंड उघडं ठेवून, थंड हवा छातीभर ओढत होती.